माऊलींच्या वाटेवर योहानाचा चौदावा अध्याय

लोणंद ते फलटण मी माऊलींच्या पालखीबरोबर चालले. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काहींना ते रुचलं नाही, काहींना फार आवडलं. माझी श्रद्धा पातळ झाली असं दोघांनाही वाटलं. एकांना त्याचं वाईट वाटलं, दुसऱ्यांना बरं. मी साताऱ्यात तरुण मुलामुलींचा बायबल वर्ग घेते. येशू ख्रिस्तावाचून तारण, म्हणजे पापातून सुटका, नाही, असं तिथं शिकवते आणि तसंच मानते. तसं मानूनच मी चालले.

शेजारच्या काकू बरीच वर्षं वारी करतात. त्यांना मी निघण्याआधीच सांगून टाकलं: पादुकांचं दर्शन घेणार नाही, बुक्का लावून घेणार नाही, अभंग ऐकेन पण म्हणणार नाही. पाणी भरीन, पाय चेपीन, पडेल ते काम करीन. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आवं, चला की. तुमचा देव तुमच्यासंगं, आमचा आमच्यासंगं. रस्ता सरकारचा हाय."

नीरा नदीत पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात येते. या सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबाही याच जिल्ह्यातले, आरफळचे. ती शिस्त बघण्यासारखी आहे. रथापुढे सत्तावीस दिंड्या, मागे आणखी कितीतरी, प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीचा विणेकरी ठरलेला, आणि चोपदाराने चोप उंच केला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. लोणंदहून निघाल्यावर चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं. अश्व धावून गेले आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक वाकले. मी रस्त्याच्या कडेला पाण्याची घागर घेऊन उभी होते. मी वाकले नाही. शेजारच्या बायांनी ते पाहिलं, त्यातल्या एकीने काही न बोलता माझ्याकडची घागर धरली आणि मला म्हणाली, "माऊली, तुमी बसा जरा."

तरडगावच्या मुक्कामी राहुटीत पाय चेपायला बसले. खोबरेल तेल, जरा मीठ टाकलेलं कोमट पाणी, फोडांना मलम आणि पट्टी. वारीत हे काम करायला डॉक्टरांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे येतात. माझ्यासमोर सत्तरी उलटलेली एक आजी बसली होती, गळ्यात तुळशीची माळ, टाचांना भेगा. काकूंनी तिला माझी ओळख करून दिली, "ह्या ख्रिश्चन हायत, पोरांना बायबल शिकवत्यात." आजीने पाय मागे ओढला नाही. विचारलं, "तुमच्यात दुसऱ्या देवाचं नाव घ्यायचं न्हाई म्हनत्यात, खरं का?"

म्हटलं, खरं आहे.

"बरं हाय की. एकाला धरावं तर नीट धरावं." आणि मग थोड्या वेळाने, "पर मग माजं काय?"

या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा लगेच दिलं नाही. तिचा दुसरा पाय हातात घेतला.

आम्हा शिकवणाऱ्यांना बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातलं सहावं वचन पाठ असतं: मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही. वादात, सभेत, पत्रकांवर ते आम्ही पुढे करतो. पण योहानाने ते ज्या रात्रीच्या हकिकतीत लिहिलं, ती हकिकत एक अध्याय आधी सुरू होते. तेराव्यात येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. यहूदाचेही, जो थोड्याच वेळात उठून त्याला धरून द्यायला जाणार आहे. चौदाव्यातलं वचनही कुणा परधर्मीयाला सुनावलेलं नाही. थोमा घाबरून विचारतो, तुम्ही कुठे जाता हेच आम्हांला ठाऊक नाही, मग मार्ग कसा ठाऊक असणार? त्या घाबरलेल्याला दिलेला हा धीर आहे. त्यामुळे त्यातला 'मीच' जरासुद्धा कमी होत नाही. पण जो शिक्षक गुडघे न टेकता नुसता चौदावा अध्याय सांगतो, तो निम्मा येशू सांगतो.

त्या रात्री कीर्तन झालं. कीर्तनकार तरुण होते, आवाज खणखणीत. त्यांनी तुकोबांनी कीर्तनकारांना घालून दिलेला नियम सांगितला: जिथे कीर्तन करावं तिथे जेवू नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, बैलाला चारासुद्धा मागू नये, पैसे घेणारा आणि देणारा दोघेही नरकात जातात. मी ताठ बसले. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या काळातली 'दिडाखे' नावाची छोटी पुस्तिका आहे. फिरत्या प्रेषिताबद्दल, म्हणजे गावोगाव शिकवत जाणाऱ्याबद्दल, तीत म्हटलंय, एक दिवस राहावं, गरज पडली तर दुसरा. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. निघताना भाकरीखेरीज काही घेऊ नये. पैसे मागितले तर खोटा. प्रेषित पौलाने करिंथ शहरात तंबू शिवून पोट भरलं. शिकवणाऱ्याची परीक्षा आधी त्याच्या हातांची घ्यायची, हे त्या पहिल्या ख्रिस्ती लोकांनाही कळत होतं आणि देहूच्या वाण्यालाही.

तरडगाव ते फलटण पल्ला मोठा. सकाळी दिंडीत आजीच्या मागे चालत होते. ज्यांना वाटतं, 'एकच मार्ग' ही गोष्ट परदेशातून आली, इथल्या मातीला ती मानवत नाही, त्यांनी फलटणला यावं. महानुभावांचं हे मोठं स्थान. तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींचा हा पंथ पंचकृष्ण, म्हणजे एकाच परमेश्वराचे पाच अवतार, मानतो, मोक्ष एका परमेश्वराकडून मिळतो, इतर देवतांकडून नाही, असं स्पष्ट सांगतो. साडेसातशे वर्षं ही शिकवण मराठीत सांगितली गेली आहे आणि त्यांच्या मठांच्या या गावातूनच वारी जाते. एकनिष्ठेचं इथल्या माणसाला वावडं नाही. शिकवणाऱ्याने ती निष्ठा दुसऱ्याला हिणवायला वापरली, की मात्र ती त्याला खुपते.

आमच्या इतिहासात याचे दाखले आहेत. 'मंडळीबाहेर तारण नाही' हे कार्थेजच्या सिप्रियानचं म्हणून सगळीकडे सांगितलं जातं. तिसऱ्या शतकातला हा बिशप. २५८ साली विश्वासासाठी त्याचं शिर उतरवलं गेलं. पण तो वाद मंडळीतून फुटलेल्यांच्या बाप्तिस्म्याचा होता. ज्यांच्या कानी येशूचं नावच गेलं नाही, त्यांचा तिथे प्रश्नच नव्हता. तरी पुढच्या शतकांत ते वाक्य त्यांच्याच डोक्यावर मारलं गेलं. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या बोस्टनचा जेझुइट संघाचा कॅथलिक पाद्री लिओनार्ड फीनी ते अक्षरशः शिकवू लागला: कॅथलिक मंडळीबाहेरचा कुणीही वाचणार नाही. रोमने १९४९ साली पत्र लिहून ही शिकवण चुकीची ठरवली. खुलाशासाठी बोलावलं तर तो गेला नाही, आणि १९५३ साली त्यालाच मंडळीबाहेर काढण्यात आलं. १९७२ साली त्याला परत घेतलं. मी प्रोटेस्टंट आहे, रोमचं सगळं मला पटतं असं नाही. पण या बाबतीत रोमने शिक्षकाला जाब विचारला, याचा मला आदर वाटतो.

आणि अखेरच्या काळात आपल्या साताऱ्यात राहिलेले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यासाठी घर, नातं, जात, सगळं गमावलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही शिष्य बसवले. दोनच वर्षांनी ते गेले. ख्रिस्ताच्या जागी त्यांनी दुसरं कुणी बसवलं नाही, आणि दारातल्या माणसाला हाकललंही नाही. हे एकाच माणसाला जमतं, याला माझ्याजवळचा सर्वांत भक्कम पुरावा टिळक आहेत.

फलटणच्या अलीकडे विसाव्याला आजी झाडाखाली टेकली. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आजी, काल तुम्ही विचारलंत. माझं पुस्तक सांगतं, तारण येशूच्याच हाती आहे. ते मी तुमच्यासाठी गोड करून सांगणार नाही, तुम्हीही मला तसं सांगितलेलं आवडणार नाही. पण तुमचा निवाडा त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. आणि ज्याच्याकडे आहे त्याने धरून देणाऱ्याचेही पाय धुतले."

आजीने ऐकलं. "धुतलं? त्याचं बी?"

"त्याचेही."

"मग मानूस चांगला हाय," ती म्हणाली आणि पदराच्या गाठीतला राजगिऱ्याचा लाडू अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला.

वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलाने विचारलं, "बाई, निवाडा देवावरच सोडायचा तर सुवार्ता सांगायचीच कशाला?" त्याला म्हटलं, तिने विचारलं आणि मी गप्प बसले असते तर ती लबाडी झाली असती, माझ्याजवळ जे सर्वांत मोलाचं आहे ते मी तिच्यापासून लपवलं असतं. मग बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय उघडला. पहिल्याच वचनात तो बजावतो, पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होणार आहे. मुलं बराच वेळ भांडली. एका मुलीला माझं उत्तर पळवाट वाटलं, आणि पुढच्या रविवारी तिला तिची बाजू मांडायला मी पूर्ण तास दिला आहे.

वर्गातल्या दोघांनी पुढच्या आषाढी वारीत तरडगावला पाय चेपायला येतो म्हटलंय. मी अट घातली आहे: येशूवाचून दुसऱ्या कुणाकडून तारण नाही असं सांगणारं प्रेषितांची कृत्ये ४:१२ आणि याकोब ३:१, दोन्ही वचनं तोंडपाठ हवीत.