आमची वाटचाल : शाहूपुरीतले हेडफोन अँप

आम्ही हेडफोन अँप बनवतो, म्हणजे हेडफोनला पुरेशी ताकद देणारा छोटा अँप्लिफायर. आमच्या युनिटसारखं दिसणारं नकली युनिट आजही बाजारात मिळतं. तोच राखाडी रंग, तेच चार काळे नॉब, पॅनेलवरची अक्षरंसुद्धा त्याच जागी. लोक ते घेऊन आमच्याकडे येतात आणि म्हणतात, "तुमच्या मशिनला हमिंग येतंय." झाकण काढून आतलं दाखवलं की मग त्यांना कळतं. धंद्याची हकिकत लिहा असं बरेच जण म्हणत होते. ती लिहायची तर या नकलेबद्दलही लिहावं लागणार आणि मला ते लिहायचंच आहे.

२००४ साली कोल्हापूरच्या शाहूपुरीत दुकान टाकलं ते रिपेअरीचं. मंडपवाल्यांचे अँप्लिफायर, भजनी मंडळांचे मिक्सर, कॅसेट डेक, जे येईल ते. हेडफोन अँप हा विषय मास्तरांनी आणला. मास्तर म्हणजे मंगळवार पेठेतले रेकॉर्डिस्ट. वाड्याच्या मागच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता, भिंतीला गोधड्या लावलेला. (अंड्याचे ट्रे लावणाऱ्यांना ते तेव्हाही सांगायचे की ट्रेनं बाहेरचा आवाज अडत नाही, पैसे घालवू नका.) जोतिबाची गाणी, भजनं, पोवाडे, तमाशातल्या बायकांच्या लावण्या, सगळं त्या खोलीत रेकॉर्ड झालं. स्पीकरवर मिक्स करायचं म्हटलं तर शेजारी भांडायला यायचे, त्यामुळे त्यांचं निम्मं काम हेडफोनवर चालायचं.

एक दिवस ते मिक्सर घेऊन आले. "अरे बाबा, हेडफोनवर ढोलकीची धुम लई वाटते म्हणून मी ती कापतो. आणि तीच सीडी गाडीत लावली की ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. माझं कान बिघडलं का मिक्सर बिघडलाय, एवढं सांग."

कान ठणठणीत होते. मिक्सरही तसा चांगलाच होता. त्याच्या हेडफोनच्या सॉकेटमागे १०० ओहमचा रेझिस्टर (विजेला अडवणारा छोटा भाग, ओहम हे त्या अडवण्याचं माप) होता, बस्स. अनेक मिक्सरांत तो असतो. शॉर्ट झालं तर आतली चिप वाचावी म्हणून घालतात. पण हेडफोनवर ३२ ओहम लिहिलेलं असलं तरी तो सगळ्या सुरांना ३२ ओहम नसतो. खालच्या पट्टीत, त्याच्या रेझोनन्सच्या जागी (ज्या सुराला आतला पडदा आपसूक जास्त थरथरतो), तो काही मॉडेलांत ६०-६५ पर्यंत चढतो. मध्ये १०० ओहम बसला की जिथे हेडफोनचा ओहम जास्त तिथे व्होल्टेजही जास्त पोचतं. हिशेब केला तर खालच्या सुराला जवळजवळ ४ डेसिबलची फुगवण मिळते. मास्तर ती फुगवण कापत होते, आणि रेकॉर्डिंगमध्ये ती मुळात नव्हतीच.

मी त्यांना वेगळा अँप करून दिला आणि तिथून आमचं खरं काम सुरू झालं.

त्या पहिल्या युनिटचं सर्किट आजही तेच आहे. पुढे एनई ५५३२ ही चिप, मागे बीडी १३९ आणि बीडी १४० या ट्रान्झिस्टरांची जोडी, आणि ही जोडी फीडबॅकच्या आत घेतलेली, म्हणजे बाहेर पडणारा सिग्नल चिप सतत तपासून सुधारते. त्यामुळे आउटपुट इम्पिडन्स (अँपचा स्वतःचा आतला अडथळा) एक ओहमच्या खाली राहतो. हेडफोनच्या ओहमचा आठवा भाग, यापेक्षा अँपचा आउटपुट इम्पिडन्स जास्त नको, हा धंद्यातला साधा नियम. ३२ चा हेडफोन असेल तर ४ ओहम ही हद्द, आणि आम्ही तिच्या बऱ्याच आत आहोत. सप्लाय उणे-अधिक १५ व्होल्ट, ७८१५ आणि ७९१५ या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपांवर. स्विच टाकल्यावर दोन-तीन सेकंदांनी रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटतो आणि मगच हेडफोन जोडला जातो, म्हणजे कानात धाडकन ठोका बसत नाही. हा रिले काढला तर खर्च वाचतो. आम्ही कधी काढला नाही.

आमच्या युनिटचं खरं वैशिष्ट्य मात्र ट्रान्सफॉर्मरच्या बसवण्यात आहे. ट्रान्सफॉर्मर उद्यमनगरातले (कोल्हापूरची कारखान्यांची वस्ती) अण्णा वाइंड करून द्यायचे. अण्णांचं सगळं आयुष्य मोटर रिवाइंडिंगमध्ये गेलेलं. प्रायमरी आणि सेकंडरी या दोन वाइंडिंगांच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याची शील्ड घालायची, पण तिची टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत, नाहीतर तोच एक शॉर्ट झालेला फेरा होतो, हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. ट्रान्सफॉर्मर आला की आम्ही तो लगेच स्क्रूनं आवळत नाही. एकाच मधल्या बोल्टवर सैल ठेवायचा, सिग्नल नसताना व्हॉल्यूम पूर्ण उघडायचा, हेडफोन कानाला लावायचा आणि ट्रान्सफॉर्मर हातानं सावकाश फिरवायचा. फिरवता फिरवता ५० हर्ट्झची गुणगुण वाढते, कमी होते आणि एका जागी जवळजवळ नाहीशी होते. तिथे पेन्सिलीनं खूण करायची आणि मग बोल्ट आवळायचा. प्रत्येक युनिटची खूण थोडी वेगळी येते. हे काम आमच्या सौ. करतात, कारण त्यांचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे. त्यांनी मान हलवल्याशिवाय झाकण बसत नाही.

या गावात हे काम उभं राहिलं यात मला नवल वाटत नाही. उद्यमनगरात नुसतं कागदावर काढून दिलं तरी चेसिस (युनिटचा पत्र्याचा डबा) बेंड होऊन मिळतो. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच बनवला, प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथेच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला जाईपर्यंत तिचे पहिले बोलपट इथेच तयार झाले. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, देवल क्लब या संगीतसंस्थेत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी गाणं ऐकलं. अशा गावातलं गिऱ्हाईक "जरा बरा आवाज येतोय" एवढ्यावर समाधान मानत नाही. तंबोऱ्याची जव्हारी (तारांची गुंजणारी झणकार) हेडफोनवर उघडी ऐकू आली नाही तर ते युनिट परत आणून टेबलावर ठेवतं.

२००८ पासूनची सात-आठ वर्षं चांगली गेली. युनिटं खपली, घर झालं, पोरांची शिक्षणं मार्गी लागली.

मग एका मोठ्या शहरातला डीलर आला. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. गोड बोलायचा. चार चॅनेलची युनिटं तो लॉटनं न्यायचा, पैसे महिन्याभरात यायचे. दुसऱ्या वर्षी मुदत वाढली, तिसऱ्या वर्षी फोन उचलणं बंद झालं. सगळ्यात मोठा लॉट त्यानं नेला त्याच्या चलनावर त्याची सही आहे, शिक्का आहे, आजही माझ्या कपाटात आहे. पैसे आले नाहीत. आलं ते नकली युनिट. एका गिऱ्हाइकानं ते आमचंच समजून रिपेअरीला आणलं.

ते उघडलं तेव्हा मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. पॅनेल हुबेहूब आमचं. आत मात्र एका चिपवर सगळा भार, ट्रान्झिस्टरची जोडी गायब, चिपवरचं नाव घासून काढून वर दुसरं छापलेलं. रिले नाही. आउटपुटला पुन्हा तोच १०० ओहमचा रेझिस्टर, जो काढण्यासाठी आमचं युनिट जन्माला आलं होतं! ट्रान्सफॉर्मर जागा दिसेल तिथे ठोकलेला, इनपुटच्या वायरला खेटून. ३२ ओहमचा हेडफोन लावला तर १२ डेसिबल आवाज त्या रेझिस्टरमध्येच जायचा. मग माणूस नॉब पिळणार आणि चिपमधून येणारा आवाज फाटायला लागणार. किंमत आमच्यापेक्षा पुष्कळ कमी. लोक म्हणायचे, दिसायला तर तेच आहे, तुम्ही महाग का? याचं उत्तर फोनवर देता येत नाही. झाकण काढून दाखवावं लागतं, आणि पुण्या-नाशिकचा माणूस झाकण उघडून बघायला शाहूपुरीत कशाला येईल?

पैसे अडकलेले, नक्कल सुरू, आणि ऑगस्ट २०१९ ला पूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीला हायवे बंद, कुंभार गल्लीतले गणपती पाण्यात, आणि आमचं दुकान त्याच पट्ट्यात. आम्ही माल वरच्या फळीवर चढवला होता. त्या वर्षी वरची फळीही पुरली नाही. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर बोटभर गाळ, त्यात पीसीबी (सर्किटचे बोर्ड), ट्रान्सफॉर्मर, ऑसिलोस्कोप (सिग्नल बघायचं यंत्र). सर्किटची मूळ ड्रॉइंग्ज, ज्यांवर मी पेननं बदललेल्या व्हॅल्यू लिहून ठेवल्या होत्या, त्यांचा लगदा झाला होता.

आणि तो डीलर काय सांगत फिरला? "कोल्हापूरचं युनिट संपलं, पुरात गेलं, आता आमच्याकडचंच घ्या." हे मला तीन वेगवेगळ्या गावांतल्या लोकांनी सांगितलं. पुराबद्दल मी कोणाला दोष देत नाही, नदी आहे. पण माणूस गाळात उभा असताना त्याचं दुकान बंद झालं अशी हाळी घालणं, हे मी विसरणार नाही.

तेव्हा दोन माणसं उभी राहिली. अण्णांनी भिजलेले ट्रान्सफॉर्मर नेले, स्वच्छ पाण्यानं धुतले आणि ओळखीच्या पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत मंद आचेवर वाळवले. मग पुन्हा वार्निश, आणि मेगर या मीटरवर ५०० व्होल्टला एकेकाचं इन्सुलेशन तपासलं. जे पास झाले ते वापरले, बाकीचे भंगारात दिले. पीसीबी आम्ही घरी आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ब्रशनं धुतले. कपॅसिटर, पॉट (नॉबमागचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) आणि रिले सगळे फेकले. गाळ प्यालेला पॉट वरून चांगला दिसतो आणि महिन्याभरात खरखरतो.

दुसरे मास्तर. पहिलं युनिट त्यांच्याकडेच होतं. ते त्यांनी रिक्षात घालून आणलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे उघड. यात सगळं आहे. तुझ्या कागदांची काय गरज?" सौ. आणि मी मल्टीमीटर लावून त्यातला एकेक रेझिस्टर मोजत सर्किट पुन्हा कागदावर घेतलं. निघताना मास्तरांनी दोन युनिटांचे पैसे आगाऊ दिले. त्यांना तेव्हा एकाचीही गरज नव्हती. नंतर कळलं, त्यांनी इचलकरंजी, सांगली आणि बेळगावच्या रेकॉर्डिस्टांना स्वतः फोन केले होते: दुकान चालू आहे, नकली घेऊ नका.

लॉकडाऊनमध्ये घरोघरी रेकॉर्डिंग सुरू झालं आणि कामानं पुन्हा जोर धरला. २०२१ ला पाणी पुन्हा आलं, पण तोवर वर्कशॉप वरच्या मजल्यावर गेलं होतं.

नवीन स्टुडिओ टाकणाऱ्यांना आता दोन शब्द सांगतो. विचारलं नाहीत तरी ऐका, कारण तुमची रिपेअरी शेवटी माझ्याकडेच येते.

इंटरफेसला (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) हेडफोनचं सॉकेट आहे म्हणून वेगळा अँप नको, असं सरसकट समजू नका. २५० ओहमचा हेडफोन, एक मिलीवॅटला ९६ डेसिबल देणारा, त्याला ढोलकीच्या थापेसाठी ११० डेसिबलपर्यंत न्यायचं तर २.५ व्होल्ट लागतात. यूएसबीवर चालणारे पुष्कळ छोटे इंटरफेस तेवढं देऊ शकत नाहीत. उलट ३२ ओहमचा हेडफोन असेल आणि आउटपुट इम्पिडन्स कमी असेल, तर इंटरफेसवरच भागवा, माझ्याकडे येऊ नका. गेनचा (आवाज किती पट वाढवायचा त्याचा) स्विच खालच्या जागी ठेवा. गेन जास्त असला की नॉब सुरुवातीच्या टोकालाच वापरावा लागतो, आणि तिथे पॉटच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नसतात. मग गायक म्हणतो आवाज एका कानात आहे.

चार कलाकारांना स्प्लिटरची (एका सॉकेटची चार टोकं करणारी) वायर वाटू नका. एकानं आवाज वाढवला की सगळ्यांचा वाढतो. प्रत्येकाला स्वतःचा नॉब द्या. गाणारीला स्वतःचा आवाज फार मोठा दिला तर ती दबून गाते, अगदी कमी दिला तर ओरडते आणि सूर चढतो. तंबोरा तिच्या कानात थोडा वर ठेवा. गाण्यासाठी बंद कपांचा हेडफोन घ्या, नाहीतर क्लिक (तालाची टिकटिक) माइकमध्ये उतरते आणि ती पुढे कशानंच निघत नाही. मिक्सिंगला उघड्या कपांचा चालतो, पण पॅनिंग (आवाज डावीकडे की उजवीकडे) आणि रिव्हर्बचा (घुमण्याचा) शेवटचा निर्णय स्पीकरवर घ्या, कारण हेडफोनमध्ये डाव्या कानाला उजवीकडचं काहीच ऐकू येत नाही.

आणि कान सांभाळा. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही नायॉश या अमेरिकी संस्थेनं कामासाठी सांगितलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. जोतिबाच्या यात्रेआधी रात्र-रात्र काम करणारी पोरं मी बघतो, तेव्हा मला त्यांच्या मशिनपेक्षा कानांची जास्त काळजी वाटते.

अण्णा आता नाहीत. वाइंडिंग त्यांचा पुतण्या करतो आणि शील्डची टोकं अजूनही वेगळी ठेवतो. मास्तरांचा स्टुडिओ त्यांची नात चालवते. तिला सहा चॅनेलचं युनिट हवंय, प्रत्येक चॅनेलला कलाकाराचा स्वतःचा आवाज वेगळा मिसळता येईल असं. त्याचा पहिला नमुना बेंचवर आहे आणि चैत्र यात्रेच्या गाण्यांआधी तो तिच्या हातात द्यायचा आहे. बाकीच्या ऑर्डरी त्यानंतर घेऊ. फोन कराल तेव्हा हेडफोन किती ओहमचे आहेत आणि खोलीत एका वेळी किती जण गातात-वाजवतात, एवढं आधी बघून ठेवा.