'वू शिंग': क्रम मोडून ऐकल्यावर

गेल्या नोंदीपर्यंत चिनी-फ्रेंच संगीतकार चेन चीगांग यांच्या 'वू शिंग' (म्हणजे पाच तत्त्वं) या ऑर्केस्ट्रा-रचनेचे पाच भाग मी सुटे सुटे ऐकत होतो. या खेपेला ते सलग ऐकले, मग मुद्दाम क्रम मोडून ऐकले, आणि या रचनेबद्दलचं माझं मत बरंच पुढे सरकलं.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं. चेन यांचा जन्म १९५१चा, शांघायचा. वडील चित्रकार आणि सुलेखनकार. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शिक्षण तुटलं, १९७७मध्ये बीजिंगच्या मध्यवर्ती संगीत महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि पुढे पॅरिसला फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांच्याकडे १९८४ ते १९८८ शिकणं झालं. 'वू शिंग' १९९८-९९मधली, रेडिओ फ्रान्ससाठी मोठ्या ऑर्केस्ट्राकरता लिहिलेली. पाणी, लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू असे पाच भाग, प्रत्येक साधारण दोन मिनिटांचा.

आपल्या कानामागे पंचमहाभूतं बसलेली असतात, म्हणून आधी वायू आणि आकाश शोधले जातात. ते इथे नाहीत. चिनी विचारात ही पाच तत्त्वं एकमेकांना जन्म देतात: पाण्यावर झाड वाढतं, लाकडातून आग पेटते, राखेची माती होते, मातीच्या पोटात धातू सापडतो, आणि धातूच्या थंड पृष्ठावर दव साचून पुन्हा पाणी. चेन यांनी नेमका हाच क्रम घेतला आहे आणि एका भागातून पुढचा उपजावा असा प्रयत्न केला आहे. सुटं ऐकताना पाच छोटी निसर्गचित्रं वाटतात. सलग ऐकलं की लक्ष सांध्यांकडे जातं, आणि माझ्या मते खरं संगीत तिथेच आहे.

हे तपासायला प्लेलिस्ट उलटसुलट केली. याच तत्त्वांचं दुसरंही एक चक्र आहे, एकाने दुसऱ्यावर मात करण्याचं: पाणी आग विझवतं, आग धातू वितळवते, धातू लाकूड तोडतो, लाकडाची मुळं माती फोडतात, माती पाणी अडवते. त्या क्रमाने लावलं, तर पाण्यानंतर लगेच येणारा अग्नी कानाला उपरा वाटतो. मध्ये लाकूड असलं की तोच अग्नी आपोआप उमलतो. मग मूळ क्रम रिपीटवर टाकला. धातूचा लखलखाट ओसरून पुन्हा 'पाणी' सुरू होतं तेव्हा त्या सुरुवातीच्या शांततेला वेगळंच वजन येतं. जरूर करून पाहा.

अग्नीवर मी सर्वांत जास्त रेंगाळलो. आग म्हटली की ब्रास आणि ड्रमचा धडाका अपेक्षित असतो. चेन यांच्या लेखी अग्नी म्हणजे जीव आणि ऊब, त्यात आक्रमकता नाही. उलट पाणी हे त्यांना सर्वांत बलवान वाटतं, पण स्वभावाने शांत. हे ध्यानात ठेवून ऐकलं की 'पाणी'मधल्या मोकळ्या जागा रिकाम्या वाटेनाशा होतात. खर्ज लावून बसलेल्या गायकाच्या दोन श्वासांमधल्या जागेसारख्या त्या भरलेल्या असतात. 'लाकूड' सर्वांत चंचल आहे. त्याचा नकाशा माझ्याकडून अजून पुरा व्हायचाय.

एक व्यवहारातली सूचना: आवाज 'पाणी' ऐकून ठरवू नका, 'धातू' लावून ठरवा. नाहीतर शेवटी कान दुखतील.

पुढचा मुक्काम त्यांच्याच चेलो आणि ऑर्केस्ट्राच्या 'रफ्ले दँ ताँ दिस्पारू'चा. १९९८मध्ये पॅरिसला यो-यो मा यांनी ती प्रथम वाजवली. तिच्या मुळाशी 'मेइह्वा सान्नोंग' ही गुचिनची (सात तारांचं चिनी तंतुवाद्य) जुनी चीज आहे, बर्फात फुलणाऱ्या प्लमच्या फुलांवरची. त्यात एकच धून तारेवर बोट नुसतं टेकवून, वेगवेगळ्या जागी तीनदा येते. सध्या फक्त गुचिन ऐकतो आहे. ती धून तोंडपाठ झाल्याशिवाय चेलोकडे वळायचं नाही असं ठरवलंय. कुणाकडे गुचिनचं चांगलं, कमी प्रतिध्वनीचं रेकॉर्डिंग असेल तर नक्की सुचवा.