एरंडाची सावली

बायबलमधल्या योनाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय आमच्या मराठी भाषांतराच्या पुनरीक्षण समितीपुढे आला, तेव्हा तासाभरात उरकेल असं वाटलं होतं. अवघी ११ वचनं. पण सहाव्या वचनातच दिवस गेला.

निनवेचा नाश झाला नाही म्हणून रुसलेला संदेष्टा योना शहराबाहेर बसतो. देव त्याच्यावर सावली धरायला एका रात्रीत झाड वाढवतो आणि दुसऱ्या पहाटे किडा लावून ते वाळवतो. हिब्रूत झाडाचं नाव 'कीकायोन'. हा शब्द बायबलमध्ये या अध्यायाबाहेर कुठेच येत नाही, त्यामुळे ताडून बघायची सोय नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात त्याचा भोपळा झाला. बायबलचा प्राचीन भाषांतरकार जेरोम याने लॅटिनमध्ये आयव्हीची वेल केली, तर आजच्या लिबियातल्या त्रिपोलीच्या ख्रिस्ती मंडळीत इतका गदारोळ माजला की बिशपावर मंडळी गमावायची पाळी आली. त्या काळचा दुसरा एक बिशप ऑगस्टीन याने हे जेरोमला पत्रातून कळवलं. जेरोमचं म्हणणं होतं की या झाडाला लॅटिनमध्ये नावच नाही. पण त्याने केलेलं वर्णन बघा: रुंद पानं, झपाट्याने वाढ, आधाराशिवाय स्वतःच्या खोडावर उभं. एरंडच की! आज बरेच अभ्यासकही तेच म्हणतात. त्याला न सापडलेला शब्द मराठीत आयता होता, म्हणून मसुद्यात मी तो आनंदाने लिहिला.

आम्ही मसुदा श्रोत्यांना वाचून दाखवतो आणि त्यांच्या शब्दांत पुन्हा सांगायला लावतो. त्या दिवशी एक आजी होत्या. वाचता येत नाही, पण पवित्र शास्त्र तोंडपाठ. 'एरंड' ऐकताच त्या थांबल्या. "योनाला एरंडाची सावली? देवानं त्याची थट्टा केली का?"

'ओसाड गावी एरंड बळी' ही म्हण माझ्या ध्यानातच आली नव्हती.

आमचे हिब्रूचे जाणकार म्हणाले, "म्हण आपल्या कानात आहे, मूळ वचनात नाही. शब्द बरोबर आहे, बदलू नका." समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "सर, आपण कानासाठीच तर लिहितोय!" आवाज चढले. मी सरांच्या बाजूने भांडलो. मग बाईंनी वचनाचा शेवट वाचला: त्या झाडामुळे योनाला फार आनंद झाला. अख्ख्या पुस्तकात तो एवढ्या एकाच वेळी आनंदतो. झाडच हसण्यावारी गेलं, तर तो आनंदही हसण्यावारी जाणार. इथे मी गप्प झालो.

'वेल' कानाला गोड, पण जाणूनबुजून चूक. 'रोप' म्हटलं तर माणसाला सावली कशी पुरेल? 'रुंद पानांचं झाड' सुचवलं, तर मजकुरात नसलेलं घालू नका, असं सर म्हणाले, आणि ते रास्तच होतं. शेवटी वचनात 'झाड' आणि तळटीपेत 'बहुधा एरंड' असं ठरलं.

मला अजून रुखरुख आहे. एरंड भराभर वाढतो, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. नुसत्या 'झाडा'त ती घाई नाही.

पुढच्या बैठकीत आजींना नवं वचन वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "कसलं झाड होतं ते?"

मी तळटीप वाचली.