ऑक्सिजन भरपूर, पण पेशी उपाशी

मी आयसीयूत काम करते. ही केस होऊन बरेच दिवस झाले, पण शिकाऊ डॉक्टरांना लॅक्टेट (ग्लुकोज अर्धवटच तुटलं की पेशीत बनणारा पदार्थ) शिकवायची वेळ आली की मी अजूनही हीच सांगते. तपशील थोडे बदललेत, पेशंट ओळखू येऊ नये म्हणून.

नाईट होती. वॉर्डातून फोन आला की एक पेशंट जोरजोरात श्वास घेतोय, जरा बघून जा. पन्नाशीतले गृहस्थ. दुसरीकडे कुठेतरी पोटाचं ऑपरेशन झालेलं, त्यानंतर आतडी काही नीट चालेनात, उलट्या सुरू, तोंडाने जवळजवळ काहीच जात नव्हतं आणि मधले कित्येक दिवस निव्वळ डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या, सलाईनवर काढलेले. त्याच दुपारी आमच्याकडे आणले होते. मी गेले तर माणूस बसून खोल खोल श्वास घेतोय, म्हणजे दम्यासारखी धाप नाही, छाती अगदी क्लीन, बोटाला लावलेल्या प्रोबवर ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 99. असा श्वास दिसला की फुफ्फुसं सोडून रक्तातलं ॲसिड बघायचं असतं, कारण शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून ते ॲसिड कमी करायला धडपडत असतं.

एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) केला. पीएच 7.12, म्हणजे रक्तात ॲसिड फार, ते ॲसिड शोषणारं बायकार्बोनेट उरलेलं फक्त 6, लॅक्टेट 13. लॅक्टेट एरवी 2 च्या आत असतं. सिस्टरने मशीनमधून चिठ्ठी ओढली, वाचली आणि काही न बोलता बेड रिकामा करायला निघून गेली.

लॅक्टेट वाढलं म्हणजे कुठेतरी ऑक्सिजन पोचत नाहीये, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की दुसरं काही सुचतच नाही, मग शोध सुरू होतो तो ऑक्सिजन कुठे अडलाय याचा. पण इथे काहीच जुळेना. बीपी 118/70. हात गरम, नख दाबून सोडलं की लगेच लाल. लघवी होत होती. ताप नाही. शुगरची कुठली गोळी चालू नव्हती, म्हणजे लॅक्टेट वाढवू शकणाऱ्या मेटफॉर्मिनवरही ढकलता येईना. सर्जनचं म्हणणं पडलं की आतड्याचा तुकडा मेला असणार, पोट उघडूया. त्यांचंही चूक नव्हतं, असं लॅक्टेट घेऊन आलेलं पोट सहसा तसंच निघतं. सीटी झाला, तर आतड्याच्या रक्तवाहिन्या मोकळ्या. तोवर बायकार्बोनेट देऊन झालं होतं. पीएच तासभर वर आला आणि परत खाली, लॅक्टेट उलट 14.

खरी गंमत सेंट्रल लाईनमधून, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, घेतलेल्या रक्तात होती. हृदयाकडे परत येणाऱ्या या रक्तात साधारण 70 टक्क्यांच्या आसपास सॅच्युरेशन असतं, कारण वाटेत पेशींनी आपापला ऑक्सिजन काढून घेतलेला असतो. ह्यांचं आलं 86. सिरिंजमधलं रक्त शिरेतलं वाटेना इतकं लालभडक होतं, मला आधी शंका आली की सुई धमनीत तर नाही ना गेली. एक्सरे बघितला, प्रेशर बघितलं, लाईन बरोबर जागी. म्हणजे ऑक्सिजन पेशींच्या दारापर्यंत जात होता आणि बराचसा तसाच परत येत होता. घेणाराच घेत नव्हता.

तेवढ्यात आमच्या मॅडम आल्या. त्यांनी चिठ्ठ्या चाळल्या आणि सरळ पेशंटच्या बायकोकडे वळल्या, "काकू, ह्यांचं शेवटचं नीट जेवण कधी झालं?" काकू म्हणाल्या, "अहो मॅडम, ऑपरेशनच्या आधीपासूनच नाही, घास पोटात ठरतच नव्हता. नुसतं सलाईन." मॅडमनी खिशातलं पेन काढून पेशंटच्या डोळ्यांसमोर धरलं आणि हळूहळू डावीकडे नेलं. डोळे पेनच्या मागे गेले खरे, पण कडेला पोचल्यावर टिकेनात, बारीक बारीक झटके देत परत आत येत होते. उजवीकडेही तेच. "थायमिनचं सॅम्पल काढून ठेवा आणि रिपोर्टची वाट न बघता 500 मिलिग्रॅम शिरेतून सुरू करा, मॅग्नेशियमही बघा." मॅग्नेशियम कमीच निघालं.

थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी1, ते कमी पडलं की डोळ्यांना असे झटके येऊ शकतात. त्याचा आणि ॲसिडचा काय संबंध, तर हा सगळा प्रकार पेशीत अन्न जळतं कसं तिथेच येऊन थांबतो. ग्लुकोज पेशीत शिरलं की आधी मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, बाहेरच त्याचे दोन तुकडे होतात, पायरुवेटचे. याला ऑक्सिजन लागत नाही आणि हाती पडतात फक्त 2 एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू. खरी कमाई पुढे. पायरुवेट मायटोकॉन्ड्रियात जातं, तिथे त्याचं ॲसिटिल-कोए होतं, मग ते क्रेब्स सायकल नावाच्या रासायनिक चक्रात फिरतं, निघालेले इलेक्ट्रॉन आतल्या पडद्यावरून एकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात, आणि त्या प्रवासात पडद्यापलीकडे ढकललेले प्रोटॉन परत आत येताना एटीपी बनवणारं एन्झाइम अक्षरशः गरगर फिरवतात. (हे प्रोटॉनचं प्रकरण पीटर मिचेलने 1961 मध्ये मांडलं तेव्हा बऱ्याच जणांना पटलं नव्हतं, 1978 मध्ये त्याला त्यासाठीच नोबेल मिळालं.) एका ग्लुकोजमागे एकूण 30 ते 32 एटीपी, जुन्या पुस्तकांत 36 किंवा 38 असायचे. एटीपीचा साठा शरीरात एका वेळी फार तर शे-दोनशे ग्रॅम असतो, पण तोच इतक्यांदा वापरून परत भरला जातो की दिवसाचा हिशोब आपल्या वजनाच्या जवळपास जातो. त्यामुळे भरणं थांबलं की पेशीचे हाल लगेच सुरू.

आता पायरुवेटचं ॲसिटिल-कोए करणारं जे एन्झाइम आहे, पायरुवेट डिहायड्रोजिनेज, ते थायमिनशिवाय चालत नाही. टोलनाका बंद असल्यासारखं पायरुवेट बाहेर तुंबतं. तुंबलं की पेशी त्याचं लॅक्टेट करते, नाइलाजाने, कारण तसं केलं तरच ग्लुकोज तोडायला लागणारा एनएडी हा मदतनीस रेणू मोकळा होतो आणि ते तुटपुंजे 2 एटीपी तरी मिळत राहतात. बरं, चरबी जाळून भागवावं म्हटलं तर चरबीचं ॲसिटिल-कोए थेट बनतं हे खरं, पण पुढे क्रेब्स सायकलच्या आतच आणखी एक एन्झाइम थायमिनवर अडून बसलेलं आहे. दोन्हीकडून कोंडी. आणि आम्ही वरून काय देतोय, डेक्स्ट्रोज! जितकी साखर जास्त तितकं पायरुवेट जास्त तितकं लॅक्टेट जास्त.

शरीरात थायमिनचा साठा असतो जेमतेम 25-30 मिलिग्रॅम, खाणं बंद झालं तर दोन-तीन आठवड्यांत संपतो. रोजची गरज मिलिग्रॅमच्या थोडी वर. एवढ्याशासाठी माणूस मरायला टेकतो. हे काही नवीन नाही, ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्सने 1930 च्या सुमारास पॉलिश केलेल्या तांदळावर वाढवलेल्या कबुतरांच्या मेंदूत लॅक्टेट साचलेलं दाखवलं होतं, त्या कबुतरांच्या माना मागे वळून जायच्या आणि बी1 दिलं की सरळ व्हायच्या. 1997 मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यायच्या मल्टिव्हिटॅमिनचा तुटवडा पडला तेव्हा त्याशिवाय टीपीएनवर (सगळं पोषण शिरेतूनच) असलेल्या पेशंटना हाच लॅक्टिक ॲसिडोसिस झाला होता. म्हणजे माहिती सगळी छापलेली आहे, पण रात्री समोर लॅक्टेट 14 असताना कबुतरं कुणाला आठवतात.

थायमिन सुरू केलं. सर्जन थिएटर तयार ठेवूनच बसले होते, आणि मला ते योग्यच वाटलं. चार तासांनी लॅक्टेट 9. पहाटे 4.8. श्वास आपोआप मंदावला, व्हेंटिलेटर जवळ आणून ठेवला होता तो तसाच परत गेला. सेंट्रल लाईनचं सॅच्युरेशन 74 वर उतरलं. एरवी हा आकडा पडला की आमच्या पोटात गोळा येतो, त्या सकाळी मात्र मी खूश होते, कारण पेशी परत ऑक्सिजन खायला लागल्या होत्या. सर्जननी पोट न उघडताच थिएटर दुसऱ्या केसला दिलं.

काकूंना वाटलं आता बरे झाले तर पोटभर देऊ. तसं करता येत नाही. इतके दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर कॅलरी दिल्या की इन्सुलिन वाढतं, पेशी रक्तातला फॉस्फेट भराभर आत ओढतात, एटीपी बनवायला तोच तर लागतो, आणि रक्तातला फॉस्फेट इतका खाली जाऊ शकतो की श्वासाचे स्नायूच थकतात. त्यामुळे नळीतून अगदी थोडं थोडं, रोज फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम बघत, थायमिन चालू ठेवूनच. काकू माझ्यावर जरा नाराजच होत्या, "एवढ्याशाने काय होणार त्यांचं" म्हणून. डोळ्यांचे झटके दोन-तीन दिवसांत गेले, पायातल्या मुंग्या मात्र वॉर्डात गेल्यावरही होत्या. थायमिनचा रिपोर्ट आला तेव्हा ते बसून स्वतःच्या हाताने खात होते. रिपोर्ट अर्थात कमीच होता, फाईलला लावून टाकला.