तुम्ही विचारलंत म्हणून: विश्वास आहे, मग भीती कशी वाटते?

हे मला बरेच जण विचारतात, कोणी मेसेज करून, कोणी प्रार्थना संपल्यावर बाजूला घेऊन, की तुमचा प्रभूवर विश्वास आहे ना, मग तुम्हाला भीती कशी वाटते? आणि बहुतेक वेळा आवाजावरूनच कळतं की विचारणाऱ्यालाच भीती वाटतीये आणि त्याची लाजही वाटतीये. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं तेव्हाची गोष्ट. मी बाहेर बाकावर बसले होते, हातात त्याचा चष्मा, आणि तळहाताला एवढा घाम की काचेवर सारखे ठसे उठायचे, मी पदराने पुसायचे, परत उठायचे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक ताई सोबत होत्या, त्या म्हणाल्या घाबरू नकोस, घाबरणं म्हणजे अविश्वास. मनाने फार चांगल्या आहेत त्या. पण ते ऐकून माझी भीती गेली नाहीच, उलट अजून एक वाढली, की मी घाबरलीये म्हणून देव आता माझं ऐकणारच नाही.

नंतर कितीतरी दिवस मी बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, चौथा अध्याय वाचत होते. वादळ, नाव पाण्याने भरत चाललीये आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला. नावेत जे घाबरले ते काही पाणी पहिल्यांदा बघणारे नव्हते, शिष्यांपैकी चौघे तर त्याच सरोवरावर मासे धरणारे, म्हणजे भीती खरीच होती. येशू त्यांना विचारतो, तुम्ही भित्रे का, अजून विश्वास नाही का? हे बोल लागतात, मी ते सौम्य करून सांगणार नाही. पण मार्क सांगतो त्या क्रमाने बघा, आधी येशू वादळ शांत करतो आणि मग हा प्रश्न येतो. त्यांचा विश्वास तपासून मग वाचवलं असं नाही झालं. आणि पुढच्याच ओळीत, पाणी अगदी निवांत असताना, ते प्रचंड घाबरतात! मूळ ग्रीकमध्ये तिथे शब्दच बदलतो, प्रश्नातला शब्द भ्याडपणाचा आहे आणि नंतरचा 'फोबोस', म्हणजे हा आहे तरी कोण, वारासुद्धा याचं ऐकतो, असं वाटून अंगावर काटा येतो ते भय. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकात परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा आरंभ म्हटलंय ते मला तेव्हा कुठे जरा कळलं.

पूर्ण प्रीती भीती घालवून देते हे योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचनही लोक असंच तोंडावर फेकतात. तिथे शिक्षेच्या भीतीबद्दल चाललंय हो, न्यायाच्या दिवसाबद्दल. ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोप न लागणाऱ्या बाईला रागवायला ते लिहिलेलं नाही.

छप्पन्नावं स्तोत्र घ्या, शीर्षकाप्रमाणे दावीद गथ गावात पलिष्ट्यांच्या, म्हणजे शत्रूंच्या, हातात सापडलाय. तो म्हणतो मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. 'तेव्हा'. भीती गेल्यावर नाही. मला वाटतं सगळं उत्तर त्या एका शब्दात आहे, आणि वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तर स्वतः येशू व्याकूळ झालाय, हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून तेच तेच बोलून प्रार्थना करतोय, आता त्याला अविश्वासी कोण म्हणणार?

पाण्यावर चालताना वारा बघून घाबरलेला येशूचा शिष्य पेत्रही बुडता बुडता फक्त मला वाचव एवढंच ओरडतो. अल्पविश्वासी हे त्याला ऐकावं लागतं, पण येशूने हात आधीच धरलेला असतो.

त्या दिवशी मला एकही वचन आठवलं नाही, पाठ असलेली स्तोत्रंसुद्धा नाही. प्रभू, धरून ठेव, एवढंच येत होतं. साडेतीन तास मी चष्मा पुसत तेच म्हणत बसले.