बोलणारी पण न ऐकणारी डबी

पहिल्या संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत फोनवरचे, ‘चित्रपट’ असे नाव दिलेले बटण दाबले आणि चालू असलेला टीव्ही बंद पडला. ॲम्प्लिफायर मात्र आज्ञाधारकपणे सुरू झाला. पुन्हा दाबले, तर टीव्ही सुरू झाला आणि ॲम्प्लिफायर बंद झाला. तिसऱ्यांदा दाबण्यापूर्वीच आईने काही न बोलता टिपॉयवरचे तिन्ही रिमोट आपल्या बाजूला ओढून घेतले. वाय-फायवर चालणारा इन्फ्रारेड ॲडॅप्टर घरात येऊन तेव्हा जेमतेम दोन तास झाले होते.

हा ॲडॅप्टर म्हणजे तळहातावर मावेल एवढी काळी डबी. एका बाजूने ती घरातल्या वाय-फायला जोडलेली असते आणि दुसऱ्या बाजूने तिच्यात बसवलेले इन्फ्रारेड एलईडी चारी दिशांना अदृश्य प्रकाश फेकतात. फोनवरून आलेली आज्ञा ती रिमोटच्या भाषेत बोलून दाखवते. टीव्हीला वाटते की नेहमीचाच रिमोट दाबला गेला आहे. त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीचा ॲम्प्लिफायर, ज्याला नेटवर्क म्हणजे काय हे ठाऊकच नाही, तोही फोनवरून चालवता येतो. माझ्या मते या वस्तूची खरी किंमत इथेच आहे. नवा टीव्ही तर तसाही वाय-फायवरून ऐकतो.

माझी फजिती का झाली हे कळण्यासाठी रिमोट नेमके काय बोलतो हे पाहावे लागले. बहुतेक रिमोटमधला एलईडी ९४० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा प्रकाश सोडतो आणि तोही सलग नव्हे, तर सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा उघडझाप करत. ऊन आणि जुने पिवळे बल्ब यांतूनही भरपूर इन्फ्रारेड बाहेर पडते, पण ते या वेगाने लुकलुकत नाही, म्हणून टीव्हीतला ग्राहक, म्हणजे संदेश टिपणारा भाग, बाकीचा सगळा उजेड बाजूला सारून एवढेच लुकलुकणे निवडून घेतो. ही युक्ती सुचायच्या आधीचा काळ मजेशीर होता. झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी १९५५ साली तयार केलेला फ्लॅश-मॅटिक हा रिमोट साध्या दृश्य प्रकाशाचा झोत पडद्याच्या चार कोपऱ्यांतील प्रकाशसंवेदी घटकांवर टाकून चालत असे आणि खिडकीतून आलेले ऊन त्या घटकांवर पडले की टीव्ही आपल्याच मनाने चॅनेल बदलू लागे. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाश सोडून देऊन कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा आधार घेतला.

या लुकलुकण्यावर अक्षरे कोरलेली असतात. सर्वांत जास्त आढळणाऱ्या एनईसी पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाक, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता आणि त्यानंतर ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे संकेत, येतात. मूळ रचनेत त्यांपैकी निम्मे बिट उरलेल्या निम्म्यांचे उलटे रूप असतात, म्हणजे ऐकताना चूक झाली तर ती लगेच पकडता यावी. बटण दाबून धरले तर संपूर्ण संदेश पुन्हा जात नाही. सुमारे ११० मिलिसेकंदांच्या अंतराने ‘तेच, अजून तेच’ एवढाच छोटा संकेत जात राहतो.

ॲडॅप्टरला बटण ‘शिकवताना’ तो या हाका आणि शांतता यांची लांबी मोजून जशीच्या तशी साठवून ठेवतो. अर्थ त्याला कळावा लागत नाही, पोपटाला तरी कुठे कळतो! म्हणून शिकवताना बटण टिचकी मारल्यासारखे दाबून सोडावे. मी आवाज वाढवण्याचे बटण जरा रेंगाळत दाबले होते, त्यामुळे पुनरावृत्तीचे संकेतही त्यात नोंदले गेले आणि पुढे फोनवर एकदा स्पर्श केला की आवाज तीन पायऱ्या उडी मारू लागला. उलट सोनीच्या पद्धतीत एकाच संदेशाची किमान तीनदा पुनरावृत्ती व्हावी अशी अपेक्षा असते, तिथे एकदाच पाठवलेला संदेश उपकरणाने कानाआड केला तर नवल नाही. शिवाय सोनीची लुकलुक ४० किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४०,००० वेळांची, आणि फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीची ३६ ची. ३८ साठी बांधलेली डबी हे शेजारी बहुधा निभावून नेते, फक्त पल्ला थोडा घटतो. बँग अँड ओलुफसेनची ४५५ किलोहर्ट्झची उपकरणे मात्र तिच्या आवाक्याबाहेरची आहेत.

आता मूळ दुखण्याकडे येतो. ही डबी बोलते, पण उपकरणांकडून तिला काही ऐकू येत नाही. टीव्ही चालू आहे की बंद, संदेश पोहोचला की मधल्या खुर्चीच्या पाठीवर आदळून विरला, यातले काहीही तिला कळत नाही. रिमोटचेही तसेच असते, पण रिमोट ज्याच्या हातात असतो त्याला डोळे असतात. पॉवरच्या बटणाचा अर्थ ‘चालू कर’ असा नसून ‘आहेस त्याच्या उलट हो’ असा आहे, हे आपण वर्षानुवर्षे बटण दाबूनही ध्यानात घेतलेले नसते, कारण समोर पाहूनच आपण ते दाबतो. माझ्या ‘चित्रपट’ बटणामागे टीव्हीला एक आणि ॲम्प्लिफायरला एक असे दोन उलटापालटीचे संदेश होते. दोघांची सुरुवात वेगवेगळ्या स्थितीतून झाली की ते कितीही वेळा दाबले तरी एकत्र येणे शक्यच नव्हते.

टीव्हीचा प्रश्न अनपेक्षितपणे सहज सुटला. बऱ्याच टीव्हींना ‘फक्त चालू हो’ आणि ‘फक्त बंद हो’ असे दोन स्वतंत्र संदेशही कळतात. ती बटणे रिमोटवर छापलेली नसतात, पण टीव्हीच्या आत त्यांची समज असते आणि घरोघरी अशा यंत्रणा बसवून देणारे तंत्रज्ञ त्यांचाच वापर करतात. माझ्या टीव्हीचे असे दोन संदेश मिळाले, ते मी ॲडॅप्टरमध्ये हाताने भरले आणि चालू टीव्हीला दहा वेळा ‘चालू हो’ म्हटले तरी तो ढिम्म हलला नाही. त्या दिवशीचा माझा आनंद घरातल्या कोणालाही समजावून सांगता आला नाही.

ॲम्प्लिफायरला असे संदेश ठाऊक नव्हते. त्याच्यासाठी वीज मोजणारा प्लग लावला. झोपेत असताना तो एक वॅटही घेत नाही आणि जागा झाला की आवाज नसतानाही चाळीसच्या आसपास घेतो. होम असिस्टंट या, घरातली उपकरणे एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अट लिहिली की वापर दहा वॅटपेक्षा कमी असेल तरच पॉवरचा संदेश जाऊ द्यावा. बहिऱ्या डबीला अशा रीतीने कान मिळाला, जरी तो भिंतीतल्या प्लगमध्ये असला तरी.

जाता जाता, एसीच्या बाबतीत हा घोळ होत नाही, याचे मला आधी आश्चर्य वाटले होते. एसीच्या रिमोटला स्वतःचा छोटा पडदा असतो आणि कोणतेही बटण दाबले तरी तापमान, पंख्याचा वेग, चालू-बंद अशी सगळी स्थिती तो एकाच लांबलचक संदेशात सांगून टाकतो. ‘उलट हो’ अशी भाषा बहुतेक एसींच्या रिमोटमध्ये नसतेच. करमणुकीची उपकरणे करणाऱ्यांना हे शहाणपण का सुचले नसावे, कोण जाणे.

यानंतर एक अधिक सूक्ष्म भूत निघाले. ॲम्प्लिफायरचे ‘आवाज बंद’ हे बटण फोनवरून एकदा चाले आणि पुन्हा दाबले की काहीच होत नसे. डबी संदेश पाठवत होती का हे आधी पाहिले. फोनचा कॅमेरा तिच्यावर रोखला की पडद्यावर एलईडी जांभळट लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच बहुधा चांगली असते, म्हणून ही तपासणी पुढच्या कॅमेऱ्याने करावी. संदेश तर जात होता. उलगडा आरसी-५ पद्धतीत सापडला. तिच्या १४ बिटांपैकी एक बिट प्रत्येक नव्या दाबण्याला पालटतो, म्हणजे बटण दाबून धरले आहे की सोडून पुन्हा दाबले आहे हे ग्राहकाला ओळखता यावे. पोपटाने एकच दाबणे पाठ केले होते, त्यामुळे तो बिट कधीच पालटत नव्हता आणि ॲम्प्लिफायरला वाटत होते की मी मघापासून तेच बटण दाबून बसलो आहे. मग तेच बटण लागोपाठ दोनदा दाबून दोन्ही संदेश वेगवेगळे शिकवले आणि ते आळीपाळीने पाठवण्याची व्यवस्था केली. तेव्हापासून ते बटण चुकलेले नाही.

मांडणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. डबी उपकरणांच्या समोर, उंचावर ठेवावी. भिंतीवरून परावर्तित होऊनही काम होते आणि काचेच्या दारातून संदेश जातो, पण लाकडी दारातून जात नाही. जोडणी करताना राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा (बँड) चालू असावा लागतो, कारण यांतल्या बहुतेक डब्यांना ५ चा पट्टा कळत नाही.

खरेदीपूर्वी मात्र एक गोष्ट जरूर तपासावी, ती म्हणजे इंटरनेट बंद असताना ॲडॅप्टर चालतो का. माझ्या आधीच्या डबीचे ॲप प्रत्येक आज्ञा दूरच्या सर्व्हरकडे पाठवत असे आणि तिथून ती तीन मीटरवरच्या टीव्हीकडे परत येत असे. एरवी हे जाणवतही नव्हते. एका संध्याकाळी इंटरनेट गेले, चित्रपट पेन ड्राइव्हवर होता, टीव्हीला इंटरनेटची गरजच नव्हती आणि तरीही आवाज कमी करण्यासाठी मला उठून ॲम्प्लिफायरपर्यंत जावे लागले, कारण त्याच्या रिमोटमधले सेल मी काढून घड्याळात घातले होते. सध्याची डबी घरातल्या घरातच होम असिस्टंटशी बोलते.

टीव्ही आणि ॲम्प्लिफायर यांना एचडीएमआय-सीईसीने, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच एकमेकांना आज्ञा देण्याच्या सोयीने, एकमेकांशी जोडले असते तर हा खटाटोप वाचला असता, असे कोणीही म्हणेल आणि नव्या उपकरणांबाबत ते योग्यच आहे, पण माझ्या ॲम्प्लिफायरला एचडीएमआयचे छिद्रच नाही. टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर चालतो, म्हणून तिच्याशीही ही डबी बोलू शकत नाही. स्टिकला नेटवर्कवरूनच आज्ञा जातात.

राहिला सेट-टॉप बॉक्स. त्याच्याकडे उलटापालटीचा एकच संदेश आहे आणि स्वतंत्र संदेश शोधूनही सापडले नाहीत. प्लगची युक्तीही इथे फसली, कारण हा पठ्ठ्या बंद दाखवत असतानाही जवळजवळ चालू असताना इतकीच वीज खातो. शेवटी त्याला ‘चित्रपट’ बटणातून वगळले. त्याचा रिमोट टिपॉयवर आईच्या बाजूलाच असतो आणि बातम्यांची वेळ झाली की ती तोच उचलते.