नागपूर–रामटेक–नगरधन: मे महिन्यातली फेरी आणि तापलेला फोन

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधी आईला रामटेकला नेऊन आणायचं ठरलं होतं, म्हणून मानेवाड्याहून पहाटे साडेपाचलाच स्कूटर काढली. कामठी, कन्हान, मनसर आणि तिथून उजवीकडे. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. साडेसातच्या आसपास गडावर पोचलो. दर्शन, वराहाची मोठी मूर्ती, कालिदास स्मारक, मग खाली अंबाळा तलाव. गडावरची माकडं हातातली वस्तू ओढून नेतात, तेव्हा फोटो काढून झाला की फोन लगेच पिशवीत टाका.

घोळ झाला तो परतीच्या वाटेवर. नगरधनचा किल्लाही बघून घेऊ म्हणून साडेदहाला नकाशा लावला, फोन हँडलवरच्या होल्डरमध्ये अडकवला आणि स्कूटरच्या सॉकेटला जोडला. ऊन थेट काचेवर पडत होतं. थोड्याच वेळात स्क्रीन आपोआप मंद झाली. चार्जिंगचा आकडा 58 वर अडकला आणि मग उलट खाली यायला लागला. मला वाटलं वायर सैल झाली, म्हणून थांबून दोनदा काढून लावली. तेवढ्यात ‘तापमान जास्त आहे’ अशी सूचना आली आणि नकाशा गेला. फोन हातात धरवत नव्हता.

चिंचेच्या सावलीत पन्ह्याची गाडी दिसली, तिथे थांबलो. गाडीवाले काका म्हणाले, ‘‘कायले उन्हात टांगता जी फोन? द्या इकडं, बर्फाच्या डब्यात ठेवतो.’’ मी हात जोडून नको म्हटलं. तापलेला फोन एकदम गार केला की आत दव धरतं आणि त्या ओलाव्याने फोन कायमचा जाऊ शकतो. घरी फ्रिजमध्ये ठेवणारेही हीच चूक करतात. आईने कव्हर काढलं, फोन बंद केला, कापडी पिशवीवर सावलीत ठेवला आणि दुपट्ट्याने वारा घालत बसली. वीस मिनिटांनी तो सुरू झाला. तेवढ्या वेळात बाबांनी घरून चार फोन केले होते, चारही वेळा ‘बंद आहे’ ऐकलं होतं. त्यांचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं. हे लिहायला बसलो ते त्यामुळेच.

नागपूरच्या उन्हाळ्यात बॅटरीचा खरा शत्रू ऊन आहे. बरेच फोन साधारण 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 वर गेला होता, आणि 43-44 तर दरवर्षीचेच. बॅटरी फार तापली की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. तो बिघाड नसतो, बॅटरी वाचवायची सोय असते. तेव्हा वायर हलवत बसू नका, सावली शोधा. सूचना आली नाही तरी उष्णता आतून बॅटरी झिजवतच असते. लिथियम-आयन बॅटरी 40 अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवली तर तिची क्षमता साधारण 65 टक्क्यांवर येते. 40 टक्केच भरून ठेवली तर 85 च्या आसपास राहते. म्हणून घरी फोन रात्रभर 100 वर लटकवू नका. बऱ्याच नव्या फोनमध्ये 80 टक्क्यांवर थांबायची सोय असते, ती सुरू करा. लांब जायचं त्या सकाळीच पूर्ण भरा. गाडीच्या डिकीत किंवा कारच्या डॅशबोर्डवर फोन आणि पॉवर बँक दोन्ही सोडू नका.

स्कूटरवर होल्डर मी आता वापरतच नाही. ऊन तर आहेच, शिवाय हादऱ्यांनी कॅमेऱ्यातली फोटो न हलू देणारी सोय (स्थिरीकरण) बिघडू शकते. निघायच्या आधी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवतो, फोन पिशवीत आणि वळणाचा आवाज कानातल्या एकाच इअरफोनमध्ये, तोही अगदी हळू, म्हणजे मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो. स्क्रीन बंद राहिली की बॅटरी किती टिकते ते एकदा करून बघा. रेंज अधूनमधून जाणाऱ्या भागात तर फोन टॉवर शोधण्यातच दमतो. तिथे विमान मोड लावावा, जीपीएस तरीही चालतं. मागची अ‍ॅप्स सारखी पुसत बसल्याने मात्र काही वाचत नाही.

पॉवर बँक सीताबर्डीच्या बाजारात घ्याल तेव्हा बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीचा क्रमांक बघूनच घ्या. आणि 10,000 एमएएच (बॅटरीची क्षमता मोजायचं एकक) म्हणजे 5,000 ची बॅटरी दोनदा भरेल असं धरू नका. तो आकडा आतल्या बॅटरीच्या 3.7 व्होल्टचा असतो. बाहेर 5 व्होल्ट करताना आणि उष्णतेत जाऊन फोनला साधारण सहा-साडेसहा हजारच मिळतात. ती वापरायची तर चहाला थांबलात तेव्हा सावलीत, कव्हर काढून. चालू गाडीवर बंद पिशवीत फोन आणि बँक एकमेकांना चिकटवून लावलं की दोन्ही तापतात. विमानाने जाणाऱ्यांनी ती हातातल्या बॅगेतच ठेवायची. 20,000 ची बँक 74 वॉट-तास भरते, मर्यादा 100 ची आहे. रेल्वेने जाणार असाल तर अनेक डब्यांतल्या सॉकेटला 110 व्होल्टच असतात, चार्जरवर ‘100–240’ लिहिलेलं बघून घ्या. अनेक गाड्यांत रात्री 11 ते पहाटे 5 चार्जिंग बंद ठेवतात, तेव्हा जेवणाच्या वेळीच उरकून घ्या. स्टेशनवर सार्वजनिक यूएसबी पोर्टमध्ये नुसती वायर खुपसण्यापेक्षा आपला चार्जर साध्या सॉकेटला लावलेला बरा.

फोन गेला तर यूपीआय जातं, डिजिलॉकरमधला परवानाही जातो. पाचशे रुपये रोख, परवान्याचं कार्ड आणि घरचा एक नंबर कागदावर लिहिलेला, एवढं जवळ असू द्या. त्या दिवशी पन्ह्याचे पैसे आईच्या बटव्यातून दिले.

पंधरा दिवसांनी मावशीला घेऊन पुन्हा गेलो. या वेळी नगरधन आधी, सकाळी सातला, आणि रामटेक नंतर. आईने उन्हासाठी दिलेला कांदा पिशवीच्या एका कप्प्यात, फोन दुसऱ्यात. मनसरला थांबून बाबांना फोन केला, घरी पोचल्यावर पुन्हा एक. तेव्हा 61 टक्के बाकी होते.